बिडाचा भाव

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून पुण्याहून भाचीचा फोन आला. "मामा, तब्येत बरी आहे ना?" गुडघे सोडले तर उत्तम आहे. एका खरेदीत गुंतलो होतो. कसली खरेदी, तर एक रंधा मशीन आणि एक बँडसॉ. त्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. शेवटी "मामी काय म्हणाली?" एवढंच तिनं विचारलं.

मशिनं मी घेतलेली नाहीत. घेतली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं. माझा वाटा २० हजार रुपये उसने आणि तीन रविवार. पण जुनी यंत्रं विकत घेण्याचा व्यवहार इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर मराठी शिकवलं, भाववाचक नाम फळ्यावर हजारदा लिहिलं. बाजारातल्या भावाबद्दल मात्र सत्तरी उलटल्यावर शिकायला मिळालं. तेच आज सांगतो. लांबेल थोडं.

हा विद्यार्थी १९९५ च्या दहावीच्या तुकडीतला. घरचं सुतारकाम. व्याकरणाशी त्याचं जमलं नाही, पण वर्गातल्या बाकाचा पाय मोडला की शिपायाआधी हाच उठायचा. आता पंचेचाळिशी ओलांडली आहे. कागल रस्त्याला गावात पत्र्याची शेड आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. इतकी वर्षं त्याचं सगळं काम प्लायचं: कपाटं, ओटे, टीव्हीमागच्या त्या नक्षीदार भिंती. अलीकडे मात्र लोक पुन्हा सागवानी चौकटी, दारं, झोपाळे मागायला लागले आहेत. पाडलेल्या वाड्यांचं जुनं लाकूड मिळतं, ते रंधून द्या म्हणतात. ते हातरंध्यानं करायचं तर मजुरी परवडत नाही आणि शहरात दुसऱ्याच्या मशीनवर न्यायचं तर अर्धा दिवस टेम्पोत आणि रांगेत जातो. म्हणून त्याला स्वतःचं रंधा मशीन हवं होतं, बरोबर बँडसॉ मिळाला तर दुधात साखर. नव्या दोन्हींचा मोटरींसकट भाव त्यानं काढला होता, तो दीड लाखाच्या घरात गेला. त्याच्याकडे होते ४० हजार, तेही बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून काढलेले.

(जाता जाता: रंधा हा शब्द फारसीतून आलेला, आणि मेस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून. आमच्या सुताराच्या हातातलं हत्यार इराणचं आणि त्याची पदवी लिस्बनची! असो.)

तर अशी जुनी मशिनं आमच्या कोल्हापुरात स्वस्त का मिळतात, ते आधी सांगायला हवं.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना अंबाबाई, तांबडा रस्सा आणि चपला आठवतात. पण हे गाव फौंड्रीचंही आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, सगळीकडे बीड ओतलं जातं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. आता बीड ओतायचं तर वाळूत साचा हवा आणि साच्यासाठी आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती हवी. तिला पॅटर्न म्हणतात. पंपाचं घर असो की इंजिनाचा भाग, भट्टी पेटण्याआधी तो कुणा मेस्त्रीच्या हातून लाकडात जन्माला यायचा. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यायचा, आतल्या पोकळीसाठी वेगळी पेटी करायची. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे, पॅटर्न मूळ मापापेक्षा थोडा मोठा करायचा. कारण धातू थिजताना आकसतो. बीड आकसतं फुटाला साधारण एक सूत, ॲल्युमिनियम सव्वा सूत, पोलाद दोन सूत. (आठ सूत म्हणजे एक इंच, हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं.)

हे काम करणाऱ्या मेस्त्रींच्या छोट्या छोट्या शेड असायच्या. प्रत्येकीत एक रंधा मशीन, एक बँडसॉ, एक लाकडी लेथ. आता चित्र संगणकावर काढतात आणि राळेच्या ठोकळ्यातून किंवा ॲल्युमिनियममधून पॅटर्न सीएनसी मशीनवर कोरून निघतो. लाकडी पॅटर्न संपला असं नाही, पण ज्यानं पूर्वी बारा महिने काम केलं त्याला आता ते अधूनमधून मिळतं. तिकडे फर्निचरवाल्यांनाही रंधा मशीन नको असतं, कारण प्लाय आणि एमडीएफ रंधायचं नसतंच. त्यांना हवी सरळ कापणारी आणि कडेला पट्टी चिकटवणारी मशिनं. त्यात ही जुनी धुडं बिडाची, हलवायला चेनकप्पी लागते, ठेवायला जागा लागते आणि चालवायला थ्री फेज वीज. घरी हौसेनं सुतारकाम करणारा माणूस इथेच गळतो.

म्हणजे ती स्वस्त होण्याची कारणं खरी आहेत. त्यात कुणाची फसवणूक नाही. ज्याच्याकडे थ्री फेज आहे, जागा आहे आणि रंधायला घट्ट लाकूड आहे, त्यानं या स्वस्ताईचा पुरेपूर फायदा घ्यावा. माझ्या विद्यार्थ्याकडे हे तिन्ही होतं.

त्याला कुणीतरी पत्ता दिला. उद्यमनगराच्या मागच्या एका बोळात पॅटर्न मेस्त्रींची शेड. मेस्त्री आदल्या वर्षी वारले, मुलगा बंगळूरला नोकरीत, शेड भाड्याची आणि मालकाला ती रिकामी हवी. फोनवर मेस्त्रींच्या पत्नीनं दोन्ही मशिनांचे मिळून २० हजार सांगितले. हा मला घेऊनच गेला. "सर, तुम्ही नुसतं बरोबर चला. मास्तर बरोबर असला की माणसं नीट बोलतात." हे खरं असावं. वयाचा आणि पांढऱ्या केसांचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.

शेडमध्ये शिरल्यावर आधी दिसल्या भिंती. छतापर्यंत पॅटर्न टांगलेले. लाल, पिवळे, काळे रंग दिलेले, प्रत्येकावर खडूनं आकडे. खाली मधोमध दोन्ही मशिनं, जुन्या सतरंज्यांनी झाकलेली. वहिनींनी सतरंजी काढली आणि माझा विद्यार्थी गप्प झाला. बिडाचं टेबल चकचकत होतं. वर्षभर मशीन बंद होतं आणि त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. तेलाचा हात होता. कुणी केलं हे, असं त्यानं विचारलं. "दर अमावास्येला पुसते," त्या म्हणाल्या. "ते असताना बी मीच पुसायची."

त्या दिवशी आम्ही नुसतं बघून आलो. वहिनींनी चहा दिला आणि बोलता बोलता सांगितलं की भंगारवाला येऊन गेला, सरसकट १६ हजार देतो म्हणाला, घण घालून तुकडे करून नेणार. बीड ठिसूळ, ते घणानं फुटतं.

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीत आमचं बोलणं झालं ते मला महत्त्वाचं वाटतं.

तो म्हणाला, "सर, दुरुस्त करून विकणाऱ्याकडं हीच जोडी सत्तरला आहे. ती वीस म्हणतेय."

मी काहीच बोललो नाही. माझ्या मनात काय चाललं होतं ते तुम्ही ओळखलं असेल. विधवा बाई, भाव माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. पण मला पेन्शन आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे खात्यात येतात आणि औदार्य दाखवायला मला काही पडत नाही, त्यातून ते दुसऱ्याच्या खिशातून. याच्या पाटल्या पतसंस्थेत आहेत, मुलीचं बारावीचं वर्ष आहे. वीसला घेतलं तर चाळीस उरतात, त्यात तिची फी निघते. तिनंच सांगितलेल्या किमतीला घेतलं तर त्यात चोरी कसली? कायद्यानं नाही आणि बाजाराच्या रीतीनंही नाही. लक्ष्मीपुरीत वांगी घेताना आपण तरी कधी म्हणतो का, की मावशी, राजारामपुरीत दहा रुपये जास्त आहेत, तेवढे घ्या म्हणून?

पण वांगी आणि हे एक नव्हे, असंही वाटत होतं. वांगीवाली उद्या परत वांगी विकते, चार दिवसांत तिला भाव कळतो. वहिनी हे आयुष्यात एकदाच विकणार. ज्याला एकदाच विकायचं आहे त्याला शिकायला दुसरी संधी नसते. लाकडी पॅटर्नला मागणी नाही म्हणून मशीन स्वस्त, थ्री फेज लागते म्हणून स्वस्त, ते ठीक. विकणाऱ्याला ठाऊक नाही म्हणून स्वस्त, ही स्वस्ताई वेगळ्या जातीची.

हे मी त्याला सांगितलं नाही. शाळा सुटल्यावर मास्तरानं शिकवू नये. तो चहाचा पेला खाली ठेवून एवढंच म्हणाला, "पुढच्या रविवारी मशीन चालवून बघू. काय निघतंय ते बघून ठरवू."

दुसरा रविवार या सगळ्यातला माझा आवडता. जुनं मशीन कसं तपासतात हे पाहायला मिळालं, आणि ते एखाद्या चांगल्या डॉक्टरनं रोगी तपासण्यासारखं होतं.

आधी त्यानं हातोडीच्या दांड्यानं बिडाच्या अंगावर जागोजागी ठोकून आवाज ऐकला. सलग बीड घंटेसारखं वाजतं, तडा गेला असेल तर बद्द आवाज येतो. मग रंधा मशीनच्या टेबलावर लांब सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी धरली आणि पट्टीखालून उजेड येतो का ते डोळा लावून पाहिलं. टेबलाला पीळ असेल तर त्यावर रंधलेली प्रत्येक फळी पिळाची निघणार. हा दोष रंग देऊन झाकता येतो, काढता सहज येत नाही. नंतर पट्टा काढून, मधला रूळ, ज्यात तीन पाती बसवलेली असतात तो, हातानं फिरवला. फिरवताना स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला. "ऐका सर." मीही ऐकलं. वाळूत पाय घासल्यासारखी बारीक खरखर. एका बाजूचं बेअरिंग गेलं होतं. बेअरिंगवरचा नंबर ६२०५. त्यानं सांगितलं, शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणायचं की भोकाचं माप मिलिमीटरमध्ये येतं: पाचा पाचा पंचवीस. गणिताच्या आमच्या सहकाऱ्यांना हे उदाहरण वर्गात फार उपयोगी पडलं असतं.

रूळ गोल आहे हे पाहून त्यानं समाधानानं मान हलवली. अगदी जुन्या मशिनांत तो चौकोनी असायचा. चौकोनी फिरला की कोपऱ्यांमधल्या जागेत बोट आत ओढलं जायचं, आणि पात्यानं बोटाचं टोक नव्हे, हाताचा पंजाच जायचा. चौकोनी रुळाचं मशीन फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही, असं त्याच्या वडिलांनी त्याला बजावलेलं.

मोटरवरची पितळी पाटी वाचली: ३ अश्वशक्ती, १४४० फेरे. बटण दाबलं. मशीन गुरगुरून वेगात आलं तेव्हा त्यानं खिशातून पाच रुपयांचं जाड नाणं काढून टेबलावर उभं केलं. कडेवर. ते थरथरलं, जरा सरकलं, पण पडलं नाही. आम्ही दोघे आणि दारात उभ्या वहिनी, तिघेही त्या नाण्याकडे बघत होतो.

बँडसॉच्या दोन्ही चाकांवरचं रबर मात्र कडक होऊन चिरलेलं होतं. हे रबर मध्याशी किंचित फुगीर असतं, त्या फुगीरपणामुळेच फिरणारी पाती चाकावरून घसरत नाही. ते नवं बसवल्याशिवाय सॉ चालवता येणार नव्हता.

इथे मला आमच्या घासाघिशीच्या परंपरेची आठवण झाली. घासाघीस म्हणजे मालाची निंदा. घ्यायची वस्तू असते तिलाच नाक मुरडायचं. हे काय, जुनाट आहे, आवाज करतंय, आता कोण वापरतंय हे. माझा विद्यार्थी यात कच्चा नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना मी त्याला ऐकलेलं आहे. पण त्या दिवशी त्याच्या तोंडून निंदा निघेना. खराब होतं ते खराब म्हणाला, आणि बाकीच्याला हात लावून म्हणाला, "मावशी, हे भंगार न्हाई. भंगारवाल्याला द्यायचं न्हाई हे." खरेदीच्या शास्त्रात याला बावळटपणा म्हणतात. अजून भाव ठरायचा होता!

मग नव्या पात्यांची ऑर्डर द्यायची म्हणून त्यानं जुनं पातं मोजायला घेतलं. भिंतीवर खिळ्याला एक पोलादी पट्टी लटकत होती, ती काढली. पातं बारा इंची असायला हवं. पट्टीवर ते भरलं बाराला एक सूत कमी. पुन्हा मोजलं, तेवढंच. झिजून पात्याची लांबी कमी होत नाही. तो बुचकळ्यात पडला. मागून वहिनी म्हणाल्या, "ती पट्टी नगं घेऊ बाबा. ती फौंड्रीची हाय. तिचा फूट मोठा असतोय."

मघाशी धातू आकसण्याबद्दल लिहिलं ते यासाठीच. पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवरचे इंच मुद्दाम मोठे आखलेले असतात, म्हणजे मेस्त्रीला दर मापाला हिशेब करत बसावं लागत नाही. पट्टीच आकसण्याची बेरीज करून देते. बिडाची पट्टी वेगळी, ॲल्युमिनियमची वेगळी. मराठीच्या मास्तराला ही पट्टी फार आवडली. नियमानं, ठरवून, फुटाला एक सूत एवढंच खोटं बोलणारी वस्तू माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

त्यानंतर त्या दारातून आत येऊन बसल्या. मेस्त्रींच्या शेडचा जमाखर्च तीस वर्षं त्याच लिहीत होत्या, हे तेव्हा कळलं.

विद्यार्थ्यानं भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, उलटं केलं आणि त्यांच्यासमोरच हिशेब मांडायला बसला. मला न विचारता. बेअरिंगं दोन, १२००. पाती तीन, १८००. व्ही-बेल्ट ९००. सॉच्या चाकांचं रबर २५००. सॉची पाती तीन, १५००. मोटर जुनी, रिवाइंडिंग धरून ठेवू, ३५००. स्टार्टर २२००. टेम्पो, चेनकप्पी, हमाली ४५००. तिकडे फाउंडेशन आणि वायरिंग ३०००. बेरीज २१,१००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा मसाला. जुनं मशीन घेणाऱ्यानं कोंबडीआधी तो मोजावा.

मग तो म्हणाला, "मावशी, दुरुस्त केलेली जोडी बाजारात सत्तरला हाय. माझ्याकडं साठ हायत, त्यातले वीस सरांचे. साठातनं हे एकवीस गेले. उरतात ते एकोणचाळीस. अडतीस देतो. हजार रुपये हातात राहू देत."

मी वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आश्चर्य, कृतज्ञता असं काहीतरी दिसेल अशी माझी अपेक्षा. त्यांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि वरपासून वाचायला लागल्या.

"बेल्ट खोड. नवं दोन बेल्ट पेटीत हायत, लावलं न्हाईत." नऊशे गेले. "आणि मोटर दोन वर्साखाली भरून आणली. बिल फायलीत हाय." फाईल आली, बिल निघालं. साडेतीन हजार गेले. स्टार्टरवर त्या थांबल्या, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "हा मातर खराबच हाय. असू दे."

नवी बेरीज १६,७००. व्यवहार ठरला ४२ हजारांना. याच्या हातात राहिले १३०० रुपये.

निघताना मी न राहवून विचारलं, "वहिनी, मग फोनवर वीस का सांगितलेत?" त्या म्हणाल्या, "भंगारवाल्याच्या वर चार सांगितले गुरुजी. घेणारा किती खरं बोलतोय ते तेवढ्यावरनं कळतंय." आधी दोघे येऊन गेले होते म्हणे. एकानं वीसावरून बारावर आणायचा प्रयत्न केला, दुसरा टेबलाला तडा आहे म्हणाला. तडा नव्हता, हे त्यांना माहीत होतं. ते टेबल त्या तीस वर्षं पुसत होत्या.

तिसऱ्या रविवारी मशिनं हलवली. लोखंडी पाइपांवरून सरकवत दारापर्यंत आणली, चेनकप्पीनं उचलली आणि दोन छोट्या हत्तींमध्ये चढवली. मला लांब उभं राहायची सक्त ताकीद होती. सगळं बांधून झालं, टेम्पो सुरू झाला, तेवढ्यात वहिनींनी हात करून थांबवलं. माळ्यावरून काहीतरी काढून आणलं. लाकडी, वाटीच्या आकाराची झडप आणि तिला लोखंडी दांडी. रंधा मशीनच्या रुळावर बसवायचं झाकण. मेस्त्रींनी स्वतः केलेलं.

मशीनबरोबर आलेलं झाकण कधीच हरवलं होतं. मेस्त्रींच्या उजव्या हाताची करंगळी पेरापासून नव्हती. ती गेली तेव्हा वहिनींनी चार दिवस शेडची किल्ली कमरेला लावली आणि झाकण केल्याशिवाय कुलूप काढणार नाही म्हणाल्या. तेव्हा हे झालं. १९४८ च्या कारखाना कायद्यात फिरत्या यंत्राला आडोसा हवा असं सांगणारं २१ वं कलम होतं. पण विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तर तो कारखाना धरायचा. मेस्त्री आणि एक पोऱ्या अशा शेडकडे बघायला कोण येणार? तिथे कलम वहिनींनीच लावलं.

"हे बसवल्याबिगर चालवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवते. सरांसमोर सांगते." आणि त्याचे पैसे नकोत असंही.

मशिनं लागून आता महिना झाला. झाकण पहिल्या दिवशी बसवलं आहे. मी जातो तेव्हा मुद्दाम बघतो. पोरांना हातानं फळी पुढे रेटू न देता ढकलायला एक खाचेची लाकडी काठी करून दिली आहे. सध्या काम आहे ते एका पाडलेल्या वाड्याच्या तुळयांचं. वरून काळं, किडलं असेल असं वाटणारं लाकूड, पण सूतभर रंधलं की आतून मधाचा रंग निघतो आणि शेडभर सागाचा वास. त्यात खिळे मात्र फार. एक खिळा राहिला तर तिन्ही पाती एका क्षणात खांडली जातात, आणि पुन्हा धार लावणं आलं. म्हणून स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक तुळईवरून फिरवायचं काम सुट्टीच्या दिवशी त्याच्या मुलीकडे आहे. ती एका खिळ्याला आठ आणे मागते. तिनं वडिलांना सध्या त्रेपन्न रुपयांचं बिल लावलं आहे. नाणंच बंद झालंय, आठ आणे कसले देऊ, असा त्यांचा वाद चालू आहे. त्यात मी पडलेलो नाही.

माझ्या २० हजारांपैकी ३ हजार परत आले. घाई नाही.

आता एक काम तुम्हा वाचकांसाठी. मेस्त्रींचा लाकडी लेथ अजून त्या शेडमध्येच आहे. आमच्या माणसाला त्याची गरज नव्हती. पाच फूट लांबीचं बिडाचं बेड, सतरंजीखाली झाकलेला, गंज नाही. शेड मालकाला लवकरच द्यायची आहे. पाळण्याचे खांब, पोळपाट, खेळणी असं काही करणारा कुणी तुमच्या ओळखीत असेल तर मला कळवा, मी पत्ता देईन. थ्री फेज लागेल. कागद-पेन्सिल घेऊन यावं, आणि खर्चाची यादी वहिनींसमोर बसून करायची तयारी ठेवावी. मोटर चांगली आहे. मागचा टेकू, ज्याला टेलस्टॉक म्हणतात, तो जरा सैल आहे.